थोरलीची कल्हई

लोखंडी कढईला साबण लावायचा नाही. हे आधीच सांगून टाकते. पुढचं तुम्हाला पटो न पटो, निदान तुमची कढई तरी वाचेल. लोखंड गरम आहे तोवर नुसत्या पाण्यानं धुवायचं, पुसायचं आणि परत आचेवर ठेवायचं. शेवटचा थेंब चुरचुरून उडाला की तेलाचा हात फिरवायचा. ॲल्युमिनियमला सोडा लावायचा नाही, काळं पडतं. करपलेलं स्टील खरवडायचं नाही, भिजत घालायचं आणि आपण दुसऱ्या कामाला लागायचं. न चिकटणाऱ्या तव्याला तारेची घासणी लांबूनसुद्धा दाखवायची नाही. आणि तांब्याच्या भांड्याला आतून कल्हई असेल तर मऊ फडकं, कोमट पाणी आणि धीर, बस. कल्हई म्हणजे कथलाचा कांद्याच्या पापुद्र्याएवढा थर. तो खरवडून निघाला की तांबं जेवणात उतरतं आणि माणसं आजारी पडतात.

हे सगळं मला मावशीनं शिकवलं. सख्खी मावशी, आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं आणि मोठी झाल्यावर आपल्याबरोबर कामाला नेलं. कुलपं बनवणाऱ्या कारखान्याचं कँटीन. दुपारी दोनशे ऐंशी माणसं एकदम जेवतात. भाजीत मीठ कमी पडलं की दोनशे ऐंशी तोंडं उघडतात, पण ताट कोणी घासलं हे विचारायला आजवर कुणी आलं नव्हतं.

आमची भांडीघासणी स्वयंपाकघराच्या मागं. सिमेंटच्या तीन मोऱ्या, गरम पाण्याचा एक गळका नळ, अंगणाकडं उघडणारी एक खिडकी, भिंतीला आकडे. आकड्यांवर कढया, तवे आणि झाकणं टांगलेली. कोपऱ्यात लाकडी फळीवर तीन तांब्याची पातेली, कारखाना सुरू झाला तेव्हापासूनची. थोरली, मधली, धाकटी. नावं मावशीची. थोरलीत मी उकिडवी बसले असते तर मावले असते, एवढी ती मोठी.

मावशी त्यांच्याशी बोलायची. भांडं उपडं करायचं असलं की म्हणायची, "पाठ कर गं इकडं." आम्ही हसायचो. ती म्हणायची, "हसा. माणसाला पाठ कर म्हटलं तर वाद घालतं. हे बघा कसं ऐकतं."

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावर आहे. घासणाऱ्या बाईचा हात भांड्यावर उमटतो. माझ्याबरोबर काम करणारी चिमणी आहे. अंगानं एवढीशी, तोंड दिवसभर चालू. ती घासते कोंबडीनं उकरावं तशी, वाट्टेल तिकडं. दुसरी आहे तिला आम्ही शिडी म्हणतो. तिचे ओरखडे उभे, पट्टीनं आखल्यासारखे. माझे वेढे गोल, उजवीकडं जाणारे. मावशी डावखुरी. तिचे वेढे उलटे फिरायचे, एकात एक, अगदी बारीक. आणि भांडं घासून झालं की काठाखाली अंगठ्याच्या रुंदीची एक चंद्रकोर ओढायची. तिला लिहिता येत नव्हतं. ती चंद्रकोर म्हणजे तिची सही. कढईवर, तव्यावर, झाकणावर, सगळीकडं. फक्त कल्हईच्या भांड्यांवर कधी नाही. तिथं ती घासणी टेकवायचीच नाही.

चोवीस वर्षं तिनं त्या मोरीवर काढली. मग नवा मॅनेजर आला.

पहिल्याच दिवशी त्यानं स्टीलच्या पातेल्यात तोंड बघितलं आणि भांग नीट केला. तेव्हापासून आम्ही त्याला चकाकसाहेब म्हणतो. तोंडावर नुसतं साहेब. त्याला सगळं चकाकायला हवं. राख बंद, गुलाबी पावडर सुरू. लोखंडी कढया त्यानं तारेनं पांढऱ्या करायला लावल्या, आणि दुसऱ्या दिवशी गंज चढला तर आमच्यावर ओरडला. तीन तांब्याची पातेली त्यानं कल्हईला दिली ती आपल्या मेव्हण्याकडं. मेव्हणा गाड्यांच्या रेडिएटरना डाख द्यायचा, म्हणजे धातू वितळवून भोकं बुजवायचा. गळकी टाकी आणि जेवणाचं भांडं यात त्या माणसाला काही फरक वाटत नव्हता.

पातेली आली ती आरशासारखी. सहा महिन्यांत कामगारांची पोटं दुखायला लागली.

मावशी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. जेवणाची वेळ, सगळं कँटीन भरलेलं. म्हणाली, "साहेब, ही कल्हई फडक्याला काळी लागते. कथिल असं लागत नाही."

चकाकसाहेब सगळ्यांकडं बघून हसला. म्हणाला, "बाई, तुझे हातच काळे आहेत. म्हणून लागते."

लोक हसले. खोटं का बोलू, पुष्कळ जण हसले.

त्याच संध्याकाळी तिला कागद दिला. मला तेव्हा अक्षरं जेमतेम लागायची. तो कागद वाचायलाच मी धड वाचायला शिकले. त्यात एक शब्द होता, ‘अस्वच्छता’. त्याच्या मधलं जोडाक्षर फोडायला मला तीन दिवस लागले. फुटलं तेव्हा मी मावशीला वाचून दाखवलं नाही. तिला काय ते आधीच कळलं होतं.

आचाऱ्यानं त्या तीन पातेल्यांत रांधायचं बंद केलं, ती फळीवर गेली. पोटदुखी थांबली. चकाकसाहेब म्हणाला, बघा, बाई गेली, दुखणं गेलं. मावशी घरी मांडीवर हात ठेवून बसायची. स्वतःचा पेलासुद्धा तिनं परत विसळला नाही. सात महिन्यांनी गेली. डॉक्टरनं लिहिलं, हृदय. लिहू दे.

मी मात्र कामावर राहिले. लोक म्हणाले, लाज नाही हिला. नव्हतीच. मला तो कागद खोटा पाडायचा होता, आणि ते घरी बसून होत नाही.

यंदा कारखान्याला पन्नास वर्षं झाली. मालकीणबाई, म्हणजे ज्यांनी कारखाना काढला त्यांची मुलगी, आता सत्तरीच्या, त्यांनी सांगितलं की बाबांच्या वेळी तांब्याच्या पातेल्यात टोमॅटोचं सूप व्हायचं, ते परत सुरू करा. चकाकसाहेबानं पातेली उतरवली आणि पुन्हा मेव्हण्याकडं धाडली. पुन्हा आरसा होऊन आली. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पोटं.

आणि त्याच आठवड्यात ते सुरू झालं.

सोमवारी सकाळी सहाला मी भांडीघासणी उघडली. कुलूप आमच्याच कारखान्याचं, सगळ्यात भारी, किल्ली एक, ती माझ्या कमरेला. थोरली फळीवर पालथी होती, मीच ठेवलेली. सुलटी केली तर आत ओरखडे. बारीक, एकात एक, तळाशी हातभर जागेत.

मी चिमणीवर तुटून पडले. "डोळे फुटले का तुझे? कल्हईला घासणी लावलीस?"

"आई शप्पथ नाही, आक्का! मी तर तिला हातसुद्धा लावत नाही, मला उचलत तरी का ती? मी आत पडले तर शिडीला काठी घालून काढावं लागेल मला!"

ते खरं होतं. शिडीला विचारलं. ती बोलत नाही, नुसती मान हलवते. हलवली.

मंगळवारी निघताना मी थोरलीवर फडकं बांधलं. दोरी दोनदा गुंडाळून माझी नेहमीची गाठ मारली. बुधवारी सकाळी फडकं होतं, दोरी होती, गाठही होती. पण गाठ उलटी होती. आरशात दिसावी तशी. मी ती सोडायला गेले तर बोटं चुकायला लागली.

आत ओरखडे काठापर्यंत आले होते.

मी मोरीकडं बघितलं. आमच्या घासण्या मोरीच्या उजव्या काठावर असतात, तिघी उजव्याच हाताच्या. एक घासणी डाव्या काठावर होती. दाबली तर कोमट पाणी निघालं. बोटांना काहीतरी भुरभुरीत लागलं, करडं. राख. राख आमच्याकडं बंद होऊन तीन वर्षं झाली होती, आणि सगळ्या शेगड्या गॅसच्या.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आजही नाही. मी घासणी धुतली, उजवीकडं ठेवली, राख नळानं वाहून लावली आणि कामाला लागले. चिमणीला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत गेटवरच्या वॉचमनला ठाऊक झालं असतं.

गुरुवारी थोरली उघडली तेव्हा आत लाल दिसलं.

कल्हई गेली होती. जागोजागी उघडं तांबं, नव्या जखमेसारखं. वेढे मी बोटानं धरून बघितले. उलटे फिरत होते. एकात एक, बारीक, सगळ्यांची रुंदी सारखी. असा हात मी माझ्या आयुष्यात एकच बघितला होता.

काठाखाली चंद्रकोर होती. मी त्यावर माझा अंगठा ठेवून बघितला. तो दोन्ही बाजूंनी आत राहिला. मावशीचा अंगठा रुंद होता.

मी पालथ्या बादलीवर बसले. भीती वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला राग आला, आणि तोही तिचा. मी मोठ्यानं म्हणाले, "तूच शिकवलंस ना गं, कल्हई खरवडायची नाही? जन्मभर मला बोलली असतीस एवढ्यावरून. आणि आता स्वतः? माझी नोकरी घालवायला आलीस?"

नळ गळत होता. बाकी काही नाही.

मग माझं डोकं चालायला लागलं. मावशीनं चांगल्या कल्हईला घासणी लावली नसती. मेली तरी लावली नसती. आणि लावली असेल, तर ही कल्हई नव्हेच.

मी थोरलीच्या शिल्लक चकाकीवर बोट घासलं. बोट काळं झालं.

एवढ्यात दार ढकललं गेलं. चकाकसाहेब, मागे आचारी. साहेबाच्या हातात आजारी माणसांची यादी. नजर थोरलीच्या लाल पोटावर गेली आणि तिथंच थांबली. त्याचा चेहरा बदलला. आधी वाटलं घाबरला. नाही, सुटला होता तो.

"अस्सं," तो म्हणाला. "म्हणजे तू खरवडतेस. कल्हई काढून लोकांना तांब्याचं विष घालतेस. मावशीचा सूड काय?"

"मी नाही खरवडली."

"किल्ली कुणाकडं असते?"

किल्ली माझ्या कमरेला होती, सगळ्यांना दिसत होती.

"अकरा वाजता डायनिंग हॉलमध्ये. मालकीणबाईंना बोलावतो. त्यानंतर पोलीस." मग दारातून वळून म्हणाला, "तुमच्या घरातच आहे ही घाण."

आचारी थांबला. भला माणूस, पण त्याचा कणा उकडलेल्या बटाट्याचा. हळूच म्हणाला, "आक्का, कबूल करून टाक. मालकीणबाई मऊ आहेत. नुसती काढून टाकतील."

"अकरा वाजता मधली घेऊन ये," मी म्हणाले. "आणि चार करपलेली झाकणं. तेवढं जमेल ना?"

अकराला हॉल उन्हानं भरलेला होता. लांबच्या लांब टेबलं पुसून ठेवलेली. एका टोकाला मालकीणबाई, शेजारी कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या बाई. त्या कुलपांचा धातू तपासतात, चष्मा दोरीला बांधून गळ्यात घालतात. भिंतीशी पाचपन्नास कामगार. चकाकसाहेब उभा राहून बोलला. पोटदुखी, किल्ली, मावशी, सूड. छान बोलला. मीसुद्धा ऐकत राहिले.

मालकीणबाई मला म्हणाल्या, "तुला काय सांगायचं आहे?"

"बाई, हा हात माझा नाही."

मी थोरली आडवी केली आणि वेढे दाखवले. हात कसा उमटतो ते सांगितलं. मग चार झाकणांतली तीन मांडली. चिमणीनं एक घासलं, शिडीनं एक, मी एक. हॉलमध्ये नुसता घासण्यांचा आवाज. मालकीणबाई उठून आल्या, चष्मा लावून एकेका झाकणावर वाकल्या. मग थोरलीत वाकल्या. पुष्कळ वेळ वाकून होत्या.

"हे तिघींपैकी कुणाचंच नाही," त्या म्हणाल्या.

भिंतीशी कुजबुज झाली. चकाकसाहेब हसला, अगदी तसाच, सगळ्यांकडं बघून.

"बाई, तुम्ही पण? भांडं म्हणजे काय सहीची वही आहे? कुणीही घासलं तरी ओरखडे सारखेच. द्या ती घासणी इकडं." त्यानं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. शर्टाच्या बाह्या दोन घड्या वर केल्या. चौथं झाकण त्याला चिकट वाटलं असावं, त्यानं ते सारलं आणि मधली ओढली. मधलीवर अजून एकही ओरखडा नव्हता. तिच्यात त्याचं तोंड दिसत होतं.

घासणी त्यानं उजव्या हातात घेतली. दोनतीनदा घासलं, आडवंतिडवं, ज्यानं जन्मात कप विसळला नाही तसं.

"बघा," तो म्हणाला.

मग त्यानं घासणी डाव्या हातात घेतली.

मला वाटतं, त्याला ते कळलंही नाही. तो अजून मालकीणबाईंकडं बघत हसत होता. हात खाली चालला होता. उलटा. गोल. एकात एक.

हसू तोंडावर राहिलं आणि डोळ्यांतून गेलं.

"साहेब?" आचारी म्हणाला.

हात थांबला नाही. खांदा न हलवता, नुसत्या मनगटातून. चोवीस वर्षांशिवाय तसं मनगट चालत नाही.

चिमणी माझ्या दंडाला लटकली. पहिल्यांदाच तिच्या तोंडून शब्द नव्हता.

मधलीच्या तळाशी लाल दिसायला लागलं.

त्याची बोटं काळी झाली. मग तळवा. मग मनगट.

तो मान खाली घालून पुटपुटला. हॉल एवढा शांत होता की मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं.

"पाठ कर गं इकडं."

आणि त्यानं मधली एका झटक्यात वळवली, काठाखाली अंगठा टेकवला, आणि चंद्रकोर ओढली.

कुणी हललं नाही. मी हलले. मालकीणबाईंच्या पुढ्यातला पांढरा रुमाल उचलला, मधलीच्या चकाकत्या भागावर ओढला आणि टेबलावर पसरला. काळा पट्टा, पेन्सिलीनं रंगवल्यासारखा.

"माझी मावशी इथंच उभी होती," मी म्हणाले. "ह्याच जागी. ती म्हणाली होती, ही कल्हई फडक्याला लागते. तुम्ही हसला होतात. आता ह्याचे हात बघा आणि हसा."

कुणी हसलं नाही.

प्रयोगशाळेतल्या बाई पुढं आल्या. चाकूच्या टोकानं त्यांनी मधलीतला एक कपचा काढला आणि यादीच्या कोऱ्या पाठीवर ओढला. करडी रेघ उठली. "कथलानं अशी रेघ उठत नाही," त्या हळू म्हणाल्या. "शिशानं उठते." मग चकाकसाहेबाकडं वळल्या. "ही कल्हई कुणी केली?"

"मेव्हण्यानं," तो म्हणाला. मान खाली, हात चालूच. "रेडिएटरचा डाख. बाईनं सांगितलं होतं मला. मला माहीत होतं." आवाज त्याचाच होता. नुसता, हिशेब द्यायला लावलेल्या पोरासारखा.

त्याच्या हातातून घासणी काढायला वॉचमन आणि आचारी दोघं लागले. ती निघाली नाही. तो तसाच घरी गेला, मूठ आवळलेली, हवेत उलटे वेढे घेत.

दुसऱ्या दुपारी तपासणीचा कागद आला. त्या कल्हईत निम्म्याहून जास्त शिसं. मेव्हण्याच्या दुकानाला सील लागलं. कामगारांची नीट तपासणी झाली, औषधं सुरू झाली, सगळी बरी झाली. तिन्ही पातेली नव्या कारागिराकडं गेली. मी तीन दिवस त्याच्यासमोर स्टूल टाकून बसले. तो वैतागला, म्हणाला, "बाई, माझ्यावर भरवसा नाही का?" मी म्हणाले, "नाही." कथिल ओतताना प्रत्येक वेळी त्याला आधी माझ्या फडक्यावर घासून दाखवावं लागलं. फडकं पांढरंच राहिलं.

मालकीणबाईंनी मावशीच्या नावानं नवा कागद दिला. जुना कागद रद्द, आरोप खोटा होता, कारखाना माफी मागतो. खाली त्यांची सही. मी म्हणाले, एवढ्यानं भागणार नाही, लोक ज्या जागी हसले त्याच जागी वाचा. त्यांनी वाचला. जेवणाच्या वेळी, भरलेल्या कँटीनमध्ये, उभं राहून.

वाचून झाल्यावर कुणीतरी चमच्यानं ताट वाजवलं. मग शेजारच्यानं. मग दोनशे ऐंशी ताटं. काचा हादरल्या. चिमणी रडत होती आणि नाचत होती, दोन्ही एकदम. शिडी बोलली, मी पहिल्यांदा ऐकलं. म्हणाली, "वाजवा!" मी कमरेवर हात ठेवून ओरडले, "पोचे येतील रे ताटांना, मेल्यांनो! घासायची आम्हाला आहेत!" आणि कुणी थांबलं नाही, आणि मलाही ते थांबायला नको होतं.

तो कागद आता काचेत घालून मोरीवर टांगला आहे. त्याखाली नियम लिहिला आहे, माझ्या अक्षरात. कल्हईचं भांडं भांडीघासणीनं पास केल्याशिवाय चुलीवर चढणार नाही. नवा मॅनेजर रोज सकाळी येऊन विचारतो, "आक्का, आज चढवू का?" मी कधी कधी उगीचच थोडा वेळ लावते.

थोरलीत परत ओरखडा आला नाही. डाव्या काठावर मी एक घासणी ठेवते. रोज सकाळी कोरडी असते.

दोन महिन्यांनी दुपारी एक बाई आल्या. बारीक, नीटनेटक्या, डोळ्यांखाली काळं. दारातच म्हणाल्या, "तुम्हीच का भांड्यांच्या आक्का? मी त्यांची बायको. चकाकसाहेब म्हणायचात ना तुम्ही?"

मी त्यांना स्टूल दिलं. त्यांनी पिशवीतून स्टीलचं एक पातेलं काढलं. हातात घेतलं तर कागदासारखं हलकं. खिडकीसमोर धरलं. उजेड आरपार आला. तळाला भोक होतं आणि काठाखाली चंद्रकोर होती.

"सकाळी उठल्यापासून," त्या म्हणाल्या. "जेवायलासुद्धा मी भरवते. हाताचा काळा रंग जात नाही. घरात आता दोन वाट्या उरल्यात."

"डावखुरे आहेत का ते?"

"नाही हो. कधीच नव्हते."

"बोलतात काही?"

"एकच. पाठ कर गं इकडं. सासूबाईंना वाटतं त्यांनाच म्हणतोय. त्या भिंतीकडं तोंड करून बसून राहतात." त्या हसायला गेल्या, जमलं नाही. "डॉक्टर झाले, सगळे झाले. म्हटलं, तुम्हाला भांड्यांतलं कळतं. काहीतरी उपाय सांगा. निदान भांडी तरी टिकतील असं."

मी मोरीवरच्या काचेकडं बघितलं. मग डाव्या काठाकडं बघितलं. मग स्टूलावर चढून आकड्यावरची सगळ्यात जड लोखंडी कढई उतरवली. बोटभर जाड, तीन माणसांचं वय झालेली.

"ही न्या," मी म्हणाले. "ही झिजायची नाही लवकर. साबण लावू देऊ नका. रात्री पुसून आचेवर कोरडी करा आणि तेलाचा हात फिरवा. सकाळी परत द्या त्यांच्या हातात."

त्यांनी कढई छातीशी धरली. उचलताना वाकल्या.

"किती दिवस जाईल?" त्यांनी विचारलं.

"नीट निगा राखली," मी म्हणाले, "तर तीन पिढ्या."